सगळ्यात लहान वचन

मंडळीतल्या प्रत्येकाने यंदा बायबलमधलं एक तरी वचन तोंडपाठ करायचं, असं पाळकसाहेबांनी उपासनेनंतर जाहीर केलं, तेव्हा बेकरीवाल्याने एकच प्रश्न विचारला.

“सगळ्यात लहान कुठलं?”

लोक हसले. त्याची बायको हसली नाही. तिला संपूर्ण अध्याय पाठ होते आणि नवराही पुरता पाठ होता.

“दोन शब्दांचं आहे,” पाळकसाहेब म्हणाले. “येशू रडला.”

“ठरलं!” बेकरीवाला म्हणाला, आणि स्वस्तात मैदा मिळाल्यासारखा खूश होऊन घरी आला.

देवाशी त्याचं वाकडं नव्हतं. देव त्याला वरच्या मजल्यावरच्या घरमालकासारखा वाटायचा. रविवारी हजेरी लावली, दानपेटीत काहीतरी टाकलं, की आठवडाभर कुणी कुणाची कडी वाजवायची नाही. वाकडं होतं ते मेव्हण्याशी. बायकोचा हा धाकटा भाऊ भट्टी सांभाळायचा, आणि त्याच्या हाताखालचा पाव असा हलका व्हायचा, की गिऱ्हाईक वाकडी वाट करून यायचं. बेकरीवाल्याचा उजवा खांदा कामातून गेला होता, जड ट्रे उचलणं बंद होतं. म्हणजे दुकान चालत होतं मेव्हण्याच्या हातांवर आणि बंद पडायच्या बेतात होतं मालकाच्या तोंडामुळे. कारण हा माणूस ओरडायचा. पाव करपला तरी, नाही करपला तरी. दोन गल्ल्या सोडून नवी बेकरी उघडली होती, आणि तिच्या मालकाने मेव्हण्याला बोलावणं धाडलं होतं.

“दाजी अजून एकदा बोलले, तर मी चाललो,” त्याने बहिणीला सरळ सांगून ठेवलं.

म्हणून त्याच संध्याकाळी बायकोने अट घातली. “माझ्या भावावर तोंड सोडायच्या आधी तुमचं वचन म्हणायचं. मोठ्याने.”

बेकरीवाल्याने मनात आकडेमोड केली. दोन शब्द, क्षणभराचा उशीर. तोटा काहीच नाही. “कबूल.”

दुसऱ्या दिवसापासून गिऱ्हाइकांची करमणूक सुरू झाली.

“येशू रडला! अरे, हे साचे पुसलेत की नुसते कुरवाळलेत?”

“येशू रडला! राजे, भट्टी काय आरती ओवाळून पेटते का?”

मेव्हणा ओठ आवळून काम करायचा. शेवटी रांगेतल्या नळदुरुस्तीवाल्याला राहवेना. “का हो शेठ, का रडला तो?”

बेकरीवाल्याने पावाची पिशवी त्याच्या हातात कोंबली. स्वतःच्या दुकानातल्या मालात काय आहे हे दुकानदाराला सांगता येऊ नये, यासारखी नाचक्की नाही. गर्दी ओसरल्यावर तो बायकोकडे गेला.

“का रडला?”

ती गोळे वळत होती. “आधीचं वचन पाठ करा, कळेल.”

अशी त्याची उलटी पाठांतरं सुरू झाली. लोक पुढे जातात, हा मागे निघाला; रोज एक वचन, गल्ल्यावर पुटपुटत. एकामागचं एक चिकटत गेलं तसं कळत गेलं. एक मित्र वारला होता. येशूला पोचायला उशीर झाला. मित्राच्या दोघी बहिणींनी त्याला एकच टोमणा मारला: तू इथे असतास, तर आमचा भाऊ मेला नसता.

“आणि तो उलट बोलला नाही?” बेकरीवाल्याला हे झेपेना.

“धाकटीला तर नाहीच. ती रडत होती. त्याने फक्त विचारलं, त्याला कुठे ठेवलंय.”

“पण थोड्या वेळात त्या मित्राला तो जिवंत करणारच होता ना? मग रडायचं कशाला? मी असतो तर म्हटलं असतं, बाई गं, जरा दम धर, आत्ता उठवतो.”

“म्हणून तुम्हाला भट्टी दिलीय, जग नाही दिलं.”

तो हसला. पण ती हसत नव्हती. हात पुसत म्हणाली, “ती रडत होती म्हणून रडला. एवढंच.”

ते एवढंच त्याच्या डोक्यातून जाईना. रडणारा घरमालक कुठल्याच हिशेबात बसत नव्हता. रविवारी प्रार्थनेला डोळे मिटले, तर नेहमीची मागण्यांची यादी आठवली नाही. नुसताच बसून राहिला, शेजारी कुणीतरी बसलंय असं वाटून. बायकोने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि काही विचारलं नाही. शहाणी होती.

शनिवारी लग्नाच्या जेवणाची मोठी ऑर्डर होती. पीठ फुगून पातेल्याबाहेर ओघळलं, भट्टी तापून लाल झाली, आणि मेव्हण्याचा पत्ता नाही. बेकरीवाल्याने दुखऱ्या खांद्याने एक ट्रे उचलून पाहिला, तो हातातून निसटला. इतक्यात मेव्हणा दारात उभा. चपलांना चिखल, केस विस्कटलेले. खुंटीवरच्या अॅप्रनला त्याने हात लावला नाही. शिवी खायची, फिरायचं आणि नव्या बेकरीत जायचं, अशा तयारीने उभा होता.

बायको काउंटरवर सुट्टे पैसे हातात धरून थबकली.

बेकरीवाल्याचा चेहरा टोमॅटो झाला. “येशू—”

पुढचा शब्द आला नाही. आला तो भलताच.

“काय झालं रे?”

 मेव्हणा भिंतीला टेकला.

“बाबा पहाटेच घराबाहेर पडले. डेपोत सापडले. म्हणे ड्युटी आहे, गाडी सुटेल. निवृत्त झाल्याचं आठवत नाही त्यांना. या महिन्यात बऱ्याचदा झालं… ताईला सांगू नका.”

काउंटरमागच्या ताईने ऐकलंच होतं; तिने पैसे खाली ठेवले होते.

“सापडले ना पण?” बेकरीवाल्याने विचारलं. “आत्ता कुठेत?”

“शेजारणीकडे बसवून आलोय.”

बेकरीवाला मैद्याच्या पोत्यावर बसला. त्याचं दुकान म्हणजे एक हातगाडी होती, तेव्हा याच म्हाताऱ्याने त्याला मुलगी दिली होती.

“पीठ गेलं डोळ्यात,” तो बाहीने तोंड पुसत म्हणाला. इतकी वर्षं पिठात काढली, पण कधी गेलं नव्हतं. हे कुणी त्याला सांगितलं नाही.

मग त्याने लग्नघरी फोन करून पावाला उशीर होईल असं सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि उलट बोलला नाही. बायको जाऊन वडिलांना घेऊन आली. काउंटरशेजारी उबेला खुर्ची टाकली. सासरे जन्मभर बसचे कंडक्टर. रांग दिसताच उठून उभे राहिले. “पुढे सरका! सुट्टे काढून ठेवा!” गिऱ्हाइकं मुकाट सरकली. बेकरीला इतकी शिस्त कधी लागली नव्हती.

मेव्हण्याने अॅप्रन बांधला.

बेकरीवाला काही सुधारून संत झाला नाही. सोमवारीच यीस्टवाल्यावर असा खेकसला, की सासऱ्यांनी त्याला गाडीतून उतरवायची धमकी दिली. दुपारी भट्टी निवल्यावर त्याने इकडेतिकडे बघत मेव्हण्याला विचारलं, “त्या नव्या बेकरीवाल्याला काय कळवलंस?”

“नाही म्हटलं.”

“त्याने कारण विचारलं असेल ना?”

“विचारलं ना. म्हटलं, आमचे दाजी ओरडतात अजून. पण हल्ली आधी विचारतात.”