मालिनीबाईंची निवृत्ती

ढुंढिराज निवृत्त झाले तेव्हा पाटबंधारे खात्यातल्या सहकाऱ्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. समारंभाला मालिनीबाई गेल्या नव्हत्या. घरी श्राद्धासाठी आलेले इंदूरचे यजमान उतरले होते आणि त्यांचा स्वयंपाक व्हायचा होता.

घराणं नाशिकच्या तीर्थोपाध्यायांचं. ढुंढिराज पहाटे रामकुंडावर यजमानांची श्राद्धकर्मं उरकत आणि मग सायकलवर टांग टाकून कचेरी गाठत. यजमान मात्र दिवसभर घरीच. पंचवटीतल्या तीन खोल्यांपैकी एक खोली त्यांची आणि त्यांची जेवणं मालिनीबाईंची. तीही सोवळ्यात, म्हणजे आंघोळ करून, सोवळ्याचं लुगडं नेसून, दुसऱ्या कुणाचा हात लागू न देता. एक्क्याण्णवच्या सिंहस्थात तर त्या बसून जेवल्या आहेत असं घरात कुणी पाहिलं नव्हतं.

कधीमधी संध्याकाळी दोघं गंगेवर, म्हणजे गोदाकाठी, जाऊन बसत. ढुंढिराज म्हणत, "निवृत्त झालो की हे सगळं सोडून द्यायचं. चांदवडकडे चार गुंठे जागा घेऊ, दोन खोल्या बांधू. तू आणि मी. पिठलं-भाकरी खाऊ, झाडांना पाणी घालू."

हे ऐकलं की मालिनीबाईंचा शीण उतरे. इतर बायका पाटल्या-बांगड्यांची स्वप्नं बघतात, यांनी आयुष्यभर एका रिकाम्या दुपारचं स्वप्न बघितलं.

आणि ते खरंही झालं. यजमानकृत्य पुतण्याकडे सोपवून दोघं दोन हजार साली चांदवडच्या अलीकडच्या एका वाडीत राहायला आली. आजूबाजूला कांद्याची शेतं, अंगणात कढीपत्ता, शेजारी भागीबाई. पहिले काही महिने मालिनीबाई दोघांपुरता भात टाकत आणि दुपारी ओट्यावर पाय पसरून नुसत्या बसत. काही न करता बसायचं कसं, हेच मुळी त्यांना शिकावं लागलं.

पण ढुंढिराजांनी जागा घेतली होती महामार्गाला लागून. मालेगावला लग्नाला निघालेला असो की मनमाडहून गाडी चुकवून परतलेला असो, ओळखीचा माणूस वाटेत थांबणारच. त्यात हे जन्माचे उपाध्ये. दारी आलेला उपाशी गेला तर यांनाच घास गोड लागायचा नाही.

"जेवल्याशिवाय कसे जाल? हिला खायला घालायची फार हौस आहे," ते ओट्यावरून सांगत. आत मालिनीबाई ते ऐकत आणि पीठ घेत.

वाडीतल्या चुलीवरच्या भाकरीची कीर्ती पसरायला वेळ लागला नाही. घरात गॅस होता, पण शहरातून येणाऱ्यांना चुलीचीच चव हवी असे. धूर कुणाच्या डोळ्यांत जातो याची चौकशी चव घेणारा कशाला करील? मग जुने यजमानही नाशिकहून परतताना वाट वाकडी करून येऊ लागले. त्यांच्यासाठी पुन्हा सोवळं आलं.

मालिनीबाईंची बोटं दुखू लागली. सकाळी मूठ वळेना. चांदवडच्या डॉक्टरांनी संधिवात सांगितला आणि हातांना विश्रांती द्या म्हणून बजावलं. हे ऐकून ढुंढिराजांना खरोखर वाईट वाटलं. त्यांनी लगेच भांड्यांना भागीबाई लावली आणि काळजी मिटली असं समजून ते निश्चिंत झाले.

भागीबाई भांडी घासता घासता म्हणे, "वहिनीबाई, तुमी उठा. मी थापते ना भाकरी, लय वेळ नाय लागायचा."

"नको गं. सोवळं आहे," मालिनीबाई म्हणत. नवऱ्याला एकदा स्पष्ट सांगावं असं त्यांना रोज वाटे. पण अन्नदानाला नाही म्हणायचं कोणत्या तोंडानं? माहेरी शिकवलं नव्हतं, सासरी तर प्रश्नच नव्हता.

दोन हजार तीनचा सिंहस्थ आला आणि गाड्यांची रीघच लागली. त्याच सुमारास ढुंढिराजांच्या थोरल्या भगिनी सिंधुबाई राहायला आल्या. वैधव्यात उभं आयुष्य कडक सोवळ्यात काढलेली ही बाई. मालिनीबाईंना वाटलं, आता आणखी एक नियम वाढणार.

एका सकाळी जीप भरून सुरतेचे यजमान आले, न कळवता. ढुंढिराजांनी ओट्यावर सतरंजी अंथरली. "बसा, आत्ता होतंय," ते म्हणाले.

आत मालिनीबाईंनी पिठाचा गोळा परातीत घेतला. तो थापायला हात उघडेना. त्यांनी डाव्या हातानं उजवी बोटं सरळ करून पाहिली. ती पुन्हा वळली. बाहेर हसण्याचे आवाज येत होते, तवा तापत होता आणि त्या मुकाट्यानं रडत होत्या.

सिंधुबाई दारातून हे पाहत होत्या. त्यांनी भावाला हाक मारली.

"ढुंडू, आत ये. सोवळं नेस आणि चुलीपाशी बस."

"अक्का, बाहेर यजमान खोळंबलेत."

"म्हणूनच म्हणते. तू निवृत्त कधी झालास?"

"नव्व्याण्णवला. का?"

"आणि ही?"

ढुंढिराजांची नजर बाहेर ओट्याकडे वळली.

"तुझं अन्नदान मी ऐकतेय आल्यापासून. बोलावतोस तू, वाहवा घेतोस तू आणि हात झिजतात हिचे. याला दान म्हणतात होय रे? दुसऱ्याच्या अंगातलं बळ काढून वाटायचं, याला माझ्या लेखी दुसरं नाव आहे. आणि सोवळ्याचं मला सांगू नकोस, ते मी तुझ्याहून जास्त पाळलंय. मला कुणी सोडवलं नाही, म्हणून हिलाही सोडवायचं नाही का?"

"पण ही कधी काही बोलली नाही, अक्का."

"तू कधी विचारलंस?"

ढुंढिराज बायकोकडे वळले. "अगं, खरंच का? तुला होत नाही?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न पहिल्यांदाच आला होता. होत नाही, एवढंच म्हणायचं होतं. मालिनीबाईंनी तोंड उघडलं आणि सवयीनं बाहेर पडलं ते असं, "छे हो, एवढं काही नाही. मला हौसच आहे."

स्वतःचे शब्द ऐकून त्या स्वतःच घाबरल्या. सिंधुबाईंनी डोळ्यांना पदर लावला. ढुंढिराज मात्र बोलणं ऐकत नव्हते. बायकोच्या मांडीवर पडलेला, पिठानं माखलेला, अर्धवट मिटलेला तो हात ते बघत होते. अरेरे! हा हात रोज आपल्या डोळ्यांसमोर होता आणि आपल्याला फक्त भाकरी दिसत होती!

त्या दिवशी सुरतेच्या मंडळींना ढुंढिराजांच्या हातची खिचडी मिळाली. ती करपली होती. बायकोचे हात चालत नाहीत म्हणून आपण चुलीपाशी बसलो, हेही त्यांनी कुणाची भीड न धरता सांगून टाकलं. त्यानंतर बोलावणी थांबली. आलेल्याला चहा मिळे, तो ढुंढिराज करत. पोळ्या-भाकरी भागीबाई करू लागली आणि सिंधुबाई तिच्या हातची भाकरी सर्वांदेखत खात.

एवढं झालं, पण मालिनीबाईंची बोटं परत आली नाहीत. डॉक्टर म्हणाले, सांगितलं तेव्हाच हातांना विश्रांती द्यायला हवी होती. आता ढुंढिराज त्यांची वेणी घालून देतात, आमटीची वाटी तोंडाशी धरतात. सुख म्हणावं तर ते आलं, पण दोन्ही हातांनी घेता येईना.

मंडळी, नोकरदाराला निवृत्तीची तारीख सरकार देतं. चुलीपाशी बसलेल्या बाईला ती कुणीच देत नाही आणि तिला स्वतःला मागता येत नाही. तिच्या तोंडून 'हौस आहे' हे ऐकून समाधान मानू नका. तिचे हात हातात घेऊन बघा आणि तिची तारीख तुम्हीच ठरवा, तिच्या बोटांत स्वतःचा घास उचलण्याइतकं बळ आहे तोवरच.