वन्संचं कौतुक

मोठ्या हॉटेलचे गणवेश शिवायचे, राहणं-जेवण फुकट, असं सांगून एजंटनं टेलरबाईंना परदेशच्या विमानात बसवलं. उतरल्यावर हातात सुईऐवजी सुरी आली. मासे कापायचे, पोटं साफ करायची, बर्फात रचायचे, उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत. पासपोर्ट एजंटच्या कपाटात, कपाटाची किल्ली त्याच्या कमरेला. आणि वर या माणसाला सगळ्या बायकांनी 'दादा' म्हणायचं. हौस बघा मेल्याची.

दर रविवारी हा दादा घरच्यांना व्हिडिओ कॉल लावून द्यायचा. त्यासाठी झोपायच्या खोलीत एका भिंतीला फुलाफुलांचा पडदा टांगला होता आणि खिळ्याला एक जांभळा ड्रेस. बायका नऊ, ड्रेस एक. कुणी काडीपैलवान, कुणी दुहेरी अंगाची. टेलरबाई मागून टाचण्या लावून किंवा शिवण उसवून तो प्रत्येकीला बसवून द्यायच्या. परदेशात त्यांच्या नशिबी आलेलं शिवणकाम ते एवढंच. घरच्यांना वाटायचं, काय थाटात आहे आमची सून. दादा फोनमागे उभा राहून शब्द न् शब्द ऐकायचा. एकजण एकदा खरं बोलायला गेली, तर त्यानं तिला दोन दिवस उपाशी कोंडलं. तेव्हापासून सगळ्याच अगदी मजेत असायच्या.

त्या रविवारी दादा फार खुशीत होता. "टेलरबाई, तुमच्या भाचीचं तिकीट काढलंय, शुक्रवारचं. पण तुमच्या नणंदबाई जरा मागेपुढे करताहेत. दोन शब्द चांगले सांगा, तुमचं ऐकतील त्या."

टेलरबाईंना स्वतःचं मूल नव्हतं. नणंदेच्या या पोरीचा पहिला फ्रॉक त्यांनी शिवला होता. पाठवू नका म्हणावं, तर दादा फोन कापणार, त्यांना कोंडणार आणि नणंदेला नवी थाप मारून पोरीला आणणारच.

पण 'तुमचं ऐकतील' या शब्दांवर त्यांना तशातही हसू फुटायला आलं. बावीस वर्षांत नणंद-भावजयींचं एका गोष्टीवर एकमत झालं नव्हतं. नणंद रोज येऊन हिच्या भाजीला नावं ठेवायची, ही तिच्या झंपराच्या बाह्या मुद्दाम घट्ट करायची, आणि गल्ली कान टवकारून ऐकायची. आजवर फोनवर सासूबाईच येत. दादाला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याच्या फोनवर सगळीच घरं गोडीगुलाबीनं बोलायची.

फोन लागला. जांभळ्या ड्रेसातल्या टेलरबाई गोड हसल्या. "वन्सं, तुमची फार आठवण येते. तुमच्यासारखी नणंद मिळायला भाग्य लागतं. बावीस वर्षांत एक वाकडा शब्द बोलला नाहीत मला. तुमच्या हाताखाली मी जशी सुखात होते ना, अगदी तस्संच सुख आहे इथं. पोरीला बिनधास्त पाठवा."

नणंदेचं तोंड उघडंच राहिलं. मग तिनं पदर डोळ्यांना लावला. "अगं, तूच गुणाची. तुझ्या हातच्या भाजीची चव अजून जिभेवर आहे बघ. दादा, पाठवते हो पोरीला. पण हे म्हणतात, जागा बघितल्याशिवाय नाही. बाहेरून तरी दाखवा की."

दादानं मोठ्या ऐटीत फोन खिडकीबाहेर धरला. रस्ता दाखवला, फाटक दाखवलं, फाटकावरची कंपनीची पाटीही दाखवली.

"छान आहे. शुक्रवारी येतेच पोरगी," असं म्हणून नणंदेनं फोन ठेवला.

पुढचे चार दिवस टेलरबाईंनी मासे कापले की स्वतःचं काळीज, त्यांनाच कळेना. बाई खरंच हुरळली असेल तर? आयुष्यात पहिल्यांदा कौतुक ऐकलंय, काय सांगावं? आपल्याच तोंडानं पोरीला या नरकात बोलावलं, असं सारखं मनात यायचं.

गुरुवारी भर दुपारी फाटकाशी पोलिसांच्या तीन गाड्या थांबल्या. दादा पळत खोलीत शिरला आणि पडद्यामागे लपला. फुलाफुलांच्या पडद्याखालून त्याचे बूट दिसत होते. कामावरून मागोमाग आलेल्या टेलरबाईंनी हातातल्या सुरीच्या टोकानं ते पोलिसांना दाखवले.

संध्याकाळी एका अधिकारीबाईंनी आपल्या टेबलावरून फोन लावून दिला आणि स्वतः उठून लांब बसल्या. सात महिन्यांत पहिल्यांदा फोनमागे कुणी उभं नव्हतं.

"वन्सं, तुम्हाला कळलं कसं?"

"न कळायला काय झालं? तू माझं कौतुक करतेयस म्हणजे तुझ्या मानेवर कुणीतरी सुरी धरली असणार. पाटीचा फोटो तेवढ्यात टिपला आणि तीन दिवस तीन कचेऱ्यांतल्या साहेबांचं डोकं खाल्लं. पोरगी इथं माझ्या शेजारी बसलीय," नणंद म्हणाली. "आणि त्या भाजीवरून हुरळू नकोस. खारटच असते तुझी."

सात महिने न रडलेल्या टेलरबाई त्या परक्या टेबलावर डोकं ठेवून हमसाहमशी रडल्या. मग नाक पुसून म्हणाल्या, "तुमच्या जिभेलाच चव नाही, वन्सं."