रविवारचा पेशंट

नातीनं स्टुलावरची सुपाची वाटी उचलली. वर साय धरली होती आणि चमचा जिथं ठेवला होता तिथंच होता, तसूभरही हललेला नव्हता. आजोबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. पांघरूण खांद्यापर्यंत ओढलेलं, उन्हाचे दिवस असूनही.

"आजोबा, थोडं तरी," ती म्हणाली.

पाठ काही बोलली नाही.

स्वयंपाकघरात आई वाटच बघत होती. तिनं वाटीत एकदा पाहिलं आणि सूप पुन्हा पातेल्यात ओतलं. आजी गेल्यापासून घरात हाच उद्योग चालला होता. गरम करा, न्या, आणा, ओता. सकाळी डॉक्टर येऊन गेले होते. नाडी ठीक, छाती ठीक, रक्त ठीक. पण चार घोट पाण्यावर माणूस किती तग धरणार? उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात हलवायचं आणि सलाइन लावायचं, असं सांगून ते गेले. तेव्हापासून आईचा जीव टांगणीला लागला होता. ह्या वयात, मनानं हार मानून दवाखान्यात गेलेला माणूस परत येतोच असं नाही, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. नर्सचं घर होतं ते.

बरं, रडले असते तरी चाललं असतं. तेही नाही. आजी गेली त्या दिवशी आजोबांनी तिची चादर स्वतः घडी करून ठेवली, कोपऱ्याला कोपरा जुळवून, आणि जाऊन पलंगावर पडले. त्यानंतर तोंडातून ब्र काढला नव्हता.

आजी आधी वॉर्डात नर्स होती. तिथं तिची एक खोड प्रसिद्ध होती, ती बेशुद्ध माणसांशीही बोलायची. 'आता कूस बदलते हं, जरा गार लागेल,' असं अगदी घरच्यासारखं. बरोबरीच्या नर्सा हसायच्या, की त्याला काय ऐकू येणार आहे? त्यावर आजी विचारायची, ऐकू येत नाही हे तुम्हाला त्यानं सांगितलं का? पुढे ती नर्सिंगच्या शाळेत शिकवायला लागली आणि मुली तिला बाई म्हणू लागल्या. शाळेत शिकण्यासाठी एक रबरी बाहुला होता, एका पायानं अधू. आजीचं आणि त्याचं पहिल्या दिवसापासून बिनसलं. बाहुला खोकत नाही, कण्हत नाही, 'तुझे हात केवढे गार आहेत गं' असं म्हणत नाही. त्याच्यावर शिकून तयार झालेली मुलगी पहिल्या खऱ्या पेशंटसमोर उभी राहिली की तिची भंबेरी उडते. म्हणून आजी दर रविवारी अख्खा वर्ग घरी आणायची आणि पलंगावर झोपवायची आपल्या नवऱ्याला.

आजोबा शिंपी. रविवारी दुकान बंद. सुरुवातीला कुरकुरले, की आठवडाभर लोकांची मापं घ्यायची आणि सुट्टीच्या दिवशी आपलं माप काढून घ्यायचं! पण मग त्यांना त्या कामाची अशी गोडी लागली की एखादा रविवार चुकला तर तेच विचारायचे, पोरी का नाही आल्या? चादर बदलायची असली की अंग असं सैल सोडून द्यायचे की चौघींना उचलताना घाम फुटावा. सैल बांधलेलं बँडेज दिसलं तर शिंप्याची नजर लावून विचारायचे, हे बँडेज आहे की उशीचा अभ्रा? बांध परत. आणि ती बिचारी परत बांधायची.

पुढे पुढे आजीनं त्यांना सोंगं नेमून दिली. पहिला पेशंट बहिरा. दुसरा भांडकुदळ. तिसरा म्हणायचा मला काही झालेलंच नाही, आणि खरोखर चपला घालून निघायचा. एकदा तर कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पोचला होता आणि मागून पाच मुली धावत होत्या. चौथा जेवायचा नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा. ह्या चौथ्यानं भल्याभल्या मुलींच्या नाकी नऊ आणले. एका नव्या मुलीला तर तो इतका खरा वाटला की ती रडतरडत डॉक्टरांना बोलवायला गेली, आणि ती गोष्ट आजोबांनी पुढे महिनाभर गिऱ्हाइकांना ऐकवली. मुली त्यांना पेशंटकाका म्हणायच्या. नाव त्यांना आवडायचं, पण तसं दाखवायचे नाहीत.

नात ह्या रविवारांतच वाढली. वेणी घालताना आजी तिच्याकडून हाडांची नावं पाठ करून घ्यायची. गुडघा फुटला तर कापूस तिच्याच हातात द्यायची आणि म्हणायची, धर, तू माझी मदतनीस. मदतनीस झाल्यावर रडायला वेळ कुठला? ती आता त्याच शाळेत दुसऱ्या वर्षाला होती. पण तोवर आजी निवृत्त झाली होती, रविवारचे वर्ग बंद पडले होते आणि पेशंटकाकांवर हात बसवायची तिची वेळ काही आलीच नाही. त्याची तिला हळहळ होती.

दुपारी सूप पुन्हा गरम करून आजोबांच्या स्टुलावर नेऊन ठेवलं, तेवढ्यात दार वाजलं. बाईंच्या जुन्या विद्यार्थिनी भेटायला आल्या होत्या, तिघीजणी. पुढे होत्या त्या आता एका मोठ्या दवाखान्याच्या मुख्य नर्स. शिकत असताना त्या सगळ्यातच गडबड करायच्या म्हणून बाईंनी त्यांचं नाव 'घाई' ठेवलं होतं, आणि केस पिकले तरी ते नाव सुटलं नव्हतं. आईनं पाणी दिलं. डोळे पुसून झाले. बाई कशा रागवायच्या आणि रागावून झाल्यावर हळूच डब्यातलं कसं काढून द्यायच्या, ते निघालं. मग घाईताई उठल्या, काकांना भेटून येते म्हणाल्या, आणि आई काही सांगणार तेवढ्यात आतल्या खोलीच्या दारात पोचल्यासुद्धा.

तिथंच त्या थबकल्या. पलंग, भिंतीकडे वळलेलं तोंड, खांद्यापर्यंतचं पांघरूण, स्टुलावर न शिवलेली वाटी. त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"अगं, बघा तरी," त्या मागच्या दोघींना म्हणाल्या. "काकांनी आपल्यासाठी चौथा पेशंट केलाय."

तिघी हसल्या. डोळ्यांत पाणी होतंच, तरी मनापासून हसल्या. बाईंची आठवण काढायची ह्याहून चांगली रीत कुठली असणार, असंच त्यांना वाटलं असेल. नात त्यांना थांबवायला पुढे झाली, पण घाईताई तोवर स्टूल ओढून, वाटी घेऊन बसल्या होत्या.

"काका, दोन घास घ्या. बाईंना बरं वाटेल."

मग भिंतीकडून आवाज आला, न वापरून घोगरा झालेला.

"चूक."

आईनं दाराची चौकट धरली.

"गेलेल्या माणसाचं नाव घेऊन पेशंटला जेवायला घालायचं नसतं," आजोबा म्हणाले. "नापास."

घाईताई अजून हसतच होत्या. पण जन्मभर वॉर्डात काढलेली नजर होती ती. आजोबांच्या हाताची सुकलेली कातडी, मानेपाशी ढिली झालेली कॉलर, वाढलेली दाढी ह्यांवरून ती फिरली आणि त्यांचा चेहरा पडला. त्यांनी नातीकडे पाहिलं. नातीनं नुसती मान हलवली. हे सोंग नव्हतं. घाईताईंनी वाटी खाली ठेवली, पण आवाजात काही येऊ दिलं नाही. उठल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "पुढची."

पुढचीनं उशी सारखी केली. आजोबांनी विचारलं, उशीला हात लावायच्या आधी मला विचारलंस का? नापास. तिसरी शहाणी, ती न बोलता नुसती बसून राहिली. बराच वेळ गेला, तेव्हा आजोबा म्हणाले, झोप लागली का तुला? तीही नापास. इतक्या दिवसांत ह्या घरानं त्यांच्या तोंडून एक शब्द ऐकला नव्हता आणि आता ते पोरींना फैलावर घेत होते. पण तोंड काही इकडे वळेना. आई दारात उभी राहून ऐकत होती.

"आमच्या घरात एक शिकते ना?" आजोबा म्हणाले. "ती कुठंय?"

आजीनं शिकवलेलं सगळं नातीच्या डोक्यातून पार पुसून गेलं. राहिलं ते एवढंच, की आपण सगळेजण कधीचे ह्यांच्या पाठीशी बोलतोय.

"पलंग जरा ओढायचाय," ती म्हणाली.

तिघींनी पलंगाच्या कडा धरल्या, घाईताईंनी मानेनं खूण केली, आणि आजोबांना धक्कासुद्धा न लागता पलंग भिंतीपासून हातभर सरकला. नात त्या फटीत शिरली आणि जमिनीवर बसली. तिथं धूळ होती, दोऱ्याचं एक रिकामं रीळ होतं. तिचं तोंड आता आजोबांच्या तोंडासमोर आलं. इतक्या दिवसांत तिनं ते नीट पाहिलंच नव्हतं. गाल बसले होते, आणि डोळे मात्र टक्क उघडे, झोप म्हणून नव्हती त्यांच्यात.

"इथवर बरोबर," आजोबा म्हणाले.

आजोबा तिच्याकडे बघत होते. त्यांची हनुवटी थरथरायला लागली, तशी त्यांनी ती उशीत दाबली.

"आता पेशंट रडतो," ते म्हणाले. "काय करशील?"

नातीनं मान वर करून घाईताईंकडे पाहिलं. त्या जमिनीकडे बघत होत्या. बहिरा, भांडकुदळ, पळून जाणारा, न जेवणारा. एवढेच पेशंट बाईंनी शिकवले होते. हा त्यात नव्हता. धीर द्यावा तर कसला, आणि गप्प बसावं तर ते बसवेना.

"मला येत नाही, आजोबा," ती म्हणाली, आणि तिला रडू फुटलं. नर्सनं कधी रडू नये तशी ती रडली, पलंगाच्या कडेवर कपाळ टेकून, नाक गळेपर्यंत. आपली आजी गेली, आता ती कुठेच नाही, हे तिला त्या धुळीत बसल्यावर पहिल्यांदा कळलं.

वर पलंगावर आधी खोकल्यासारखा आवाज झाला. मग तो खोकला राहिला नाही. आजोबा तोंड उघडं टाकून रडत होते, आणि पलंगाचा कुठलासा सांधा त्याबरोबर करकरत होता. खोलीत तीन शिकलेल्या नर्सा होत्या, पण एकीनंही त्यांना उगी म्हटलं नाही. आई दारात खाली बसली.

बऱ्याच वेळानं नातीच्या डोक्यावर हात आला. जन्मभर सुई धरून खरखरीत झालेली बोटं तिच्या केसांत अडकली.

"नापास," आजोबा म्हणाले. त्यांनी पांघरुणाला नाक पुसलं. "पण ह्यात तुझी आजीसुद्धा नापासच झाली असती. मी आधी गेलो असतो ना, तर तीही अशीच बसली असती."

नात वर बघायला तयार नव्हती. आजोबांनी मग कोपरावर जोर देऊन अंग उचललं. घाईताई पुढे झाल्या, तर त्यांनी हातानंच नको म्हटलं. जरा वेळ लागला, पण ते उठून बसले, आणि दाराकडे बघून सुनेला म्हणाले,

"सूप दोन वाट्यांत आण गं. ह्या पोरीनं सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."