सिक्कीमच्या झाडाचं तीर्थ

सौंसर गावात तुळशीराम गुरुजींचं कीर्तन असलं की बाया संध्याकाळचा स्वयंपाक दुपारीच उरकत. गुरुजी पूर्वरंगात हसवत, उत्तररंगात रडवत, आणि आरती झाली की स्वतः प्रत्येकाच्या हातावर तीर्थ घालत. अशा माणसाची वाचा पंच्याऐंशी सालच्या पोळ्यानंतर एका सकाळी गेली. लकवा मारला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला, आणि ज्या गळ्यावर गाव जीव टाकत होतं त्यातून नुसता घुसमटलेला आवाज येऊ लागला.

त्या दिवाळीत फौजेतला मुलगा, रवींद्र, सिक्कीमहून एक झाड घेऊन आला. लाकडाच्या ढलपीला बांधलेलं, जाड पानांचं, मुळं मोकळी लोंबणारं. "याला ऑर्किड म्हणतात," एवढं सांगून सुट्टी संपताच तो निघून गेला. त्याच्या आईला, मनकर्णाबाईंना, त्या मुळांकडे बघवेना. लेकरू थंडीत उघडं टाकल्यासारखं वाटे. त्यांनी शेतातली काळी माती आणवली, कुंडी भरली आणि मुळं पार झाकून टाकली.

फाल्गुनात त्याला पाच जांभळी फुलं आली. कुंडी गुरुजींच्या खाटेजवळ नेली, तर ते कितीतरी वेळ बघत राहिले आणि त्यांच्या तोंडून निघालं, "रा..." पुढचं अक्षर आलं नाही. पण मनकर्णाबाईंना देवाचं पुरं नाव ऐकू आलं. त्या शनिवारी त्या जामसांवलीला गेल्या आणि मारुतीपुढे बोलून आल्या, की यांच्या तोंडून धड शब्द फुटेपर्यंत देवाच्या अंघोळीचं पाणी रोज त्या झाडाला घालीन, एक दिवस खंड पडू देणार नाही.

नाही पडू दिला. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. अंगणात पाऊस कोसळत असतानाही पदर डोक्यावर घेऊन त्या तांब्या ओतत. सोमवारी त्यात दूध असे, एकादशीला मध. भाद्रपदात खालचं पान पिवळं पडलं. तहानलं असेल, म्हणून एकाचे दोन तांबे झाले. आश्विनात पानं हात लावताच गळू लागली. झाड गेलं तर यांचा शब्दही गेला, हे मनकर्णाबाईंच्या मनाने धरलंच होतं.

रामाकोना गावचा हिरामण दर वर्षी संत्र्याचा पहिला तोडा झाला की गुरुजींना टोपली आणून देई. चाळिशी उलटलेला, शाळेत गुरुजींच्या हातचा मार खाल्लेला विद्यार्थी, आता दुसऱ्याच्या बागेत माळी. यंदा ओसरीवर टोपली ठेवताच त्याने नाक वर केलं.

"माय, उंदीर मेला का कुठं?"

"उंदीर नाही रे बाप्पा. ते झाडच वास मारून राहिलं."

हिरामणने कुंडीत बोट खुपसलं, वर काढून हुंगलं. "काय पाजून राहिल्या तुम्ही याले?"

"तीर्थ. रोजचं."

"हे तहानलं नाही, माय. हे बुडून राहिलं. खालून सडलं पुरं. आमच्या संत्र्याले असंच होते. आळ्यात पाणी साचते, पान पिवळं पडते, अन् माणूस म्हणते पाणी कमी पडलं."

"मग करू काय?"

"कुंडी फोडा. सडलं तेवढं कापा. अन् पंधरा दिवस थेंब नाही, मंग नुसता शिडकावा. आम्ही थंडीत संत्र्याले ताण देतो न? महिना महिना पाणी तोडतो. पानं सुकतात, जीव खालीवर होते. तवा कुठं बहर फुटते."

"अन् माझा नवस? देवाच्या पाण्यानं झाड सडते म्हणतोस? जीभ कशी रेटते रे तुझी!"

"देवाचं काय चुकलं, माय? तांब्या तर आपला होता. गुरुजी आमाले तीर्थ देत तवा एक पळी देत. कोणाच्या तोंडात घागर नाही उलटी केली कधी."

मनकर्णाबाईंच्या हातात त्या सकाळचा तांब्या भरलेलाच होता. त्या तशाच खाटेकडे वळल्या. "तुम्हीच सांगा आता. मारुतीपुढं बोलली मी. थांबली अन् तुमचा शब्द आलाच नाही तर?"

गुरुजींनी डावा हात उचलला आणि पंजा तांब्याच्या तोंडावर ठेवला. मनकर्णाबाईंनी तो बाजूला सारला, तर परत तिथेच आला. मग हटेना.

"तुमच्यासाठीच तर करून राहिली न मी!" त्या ओरडल्या, आणि खाली बसून रडल्या. लकवा मारल्यापासून त्या माउलीच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. हिरामण अंगणाकडे तोंड करून उगाच एक संत्रं सोलत राहिला. मग त्यांनी तांब्या खाली ठेवला. "फोड रे."

माती धुतली तेव्हा मुळं दिसली. काळपट, लिबलिबीत, चिमटीत धरलं की साल निघून यायची आणि आत नुसता दोरा उरायचा. हिरामणने ब्लेड दिव्यावर तापवलं. प्रत्येक कापाला मनकर्णाबाईंचा हात पुढे यायचा आणि मागे जायचा. शेवटी टणक अशी चारच मुळं राहिली. कापल्या जागी हळद लावली, दिवसभर सावलीत वाळवलं, आणि फुटक्या माठात कोळसा, विटांचे तुकडे आणि नारळाच्या शेंड्या घालून त्यावर ते अलगद बसवलं.

शनिवारी त्या पुन्हा जामसांवलीला गेल्या. "बोलली ते मोडलं मी," त्या मारुतीला म्हणाल्या. "रागवायचं तर माझ्यावर रागवा."

देवाच्या अंघोळीचं पाणी पुन्हा तुळशीत जाऊ लागलं. त्यातलं पळीभर गुरुजींच्या ओठांवर. पण सकाळचा तो वेळ मनकर्णाबाईंना खायला उठे. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून त्या खाटेच्या कडेला बसून राहत. तेव्हा त्यांना दिसलं की गुरुजींची डावी बोटं खाटेच्या लाकडावर काहीतरी वाजवत असतात. भजनी ठेका होता तो. किती महिने वाजत असेल, देवालाच ठाऊक. त्यांनी आपल्या बेसूर आवाजात नमनाचं पद धरलं. बोटं चुकली नाहीत. चुकल्या त्याच, आणि गुरुजींचा वाकडा ओठ हसला. मग ते रोजचंच झालं.

पौष सरता सरता हिरामण आला तेव्हा मनकर्णाबाईंनी माठ उजेडात धरला. एका कापाशेजारी ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं टोक निघालं होतं.

"मूळ धरलं जी, माय, धरलं! पण यंदा फुलाची आशा नका करू. दोन वर्षं तरी जातील."

मनकर्णाबाईंनी माठ खाटेजवळ नेला, गुरुजींचं डावं बोट त्या टोकाजवळ धरलं. शब्द येतो का म्हणून त्या त्यांच्या तोंडाकडे बघत थांबल्या नाहीत.

"जाऊ दे न दोन वर्षं," त्या म्हणाल्या. "आम्हाले कुठं जायचं आहे?"