उजव्या डोळ्यातला अंधार

२००३ च्या जुलैत अक्षताला ताप भरला, तेव्हा ती पाच वर्षांची होती. बाप प्रसेनजीत गगनबावड्याजवळच्या शाळेत मास्तर. ताप उतरेना. डोळे लालभडक, ओठ फुटलेले. गावातल्या डॉक्टरनं डोळे आलेत म्हणून थेंब दिले. पण डोळ्यांना चिपडं अजिबात नव्हती, ते तिच्या आईला, दीप्तीला खटकत होतं.

आठव्या दिवशी दीप्ती पाण्याला गेली असताना अक्षता म्हणाली, "बाबा, ह्या डोळ्यात अंधार हाय."

प्रसेनजीत वह्या तपासत होता. "थेंब घातल्यात न्हवं? पड गप."

दुसऱ्या दिवशी सकाळीच बोटांच्या टोकांची सालपटं निघायला लागली. मग मात्र दीप्तीनं कुणाचं ऐकलं नाही. पहिल्या एसटीनं तिघं कोल्हापूरला आली.

बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी बोटं बघितली, जीभ बघितली, हृदयाची सोनोग्राफी करून घेतली.

"कावासाकी म्हणतात याला. रक्तवाहिन्या सुजतात. हृदय वाचलंय, एवढं नशीब."

सलाईन लावल्यावर बाईंनी अक्षताच्या डाव्या डोळ्यावर हात धरला. "किती बोटं, सांग बघू."

"आधी हात काढा की, मग सांगते."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांना बोलावून घेतलं. उजव्या डोळ्याच्या पडद्याला रक्त पुरवणारी वाहिनी बंद पडली होती. या आजारात असं फार क्वचित होतं, असं ते म्हणाले.

"कधीपासून दिसत नाही?"

"काय बोलली न्हाय ती," प्रसेनजीत म्हणाला.

"मी सांगितलंतं की बाबांला. काल."

दीप्तीनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली.

"काल निघाला असता तरी डोळा बहुतेक वाचला नसता," डॉक्टर म्हणाले. "असल्या वेळी हातात फार थोडे तास असतात."

ताप गेला. नजर परत आली नाही. दवाखान्यात आल्यापासून बाराव्या दिवशी घरी सोडलं. स्टँडवर अक्षता आईच्या मांडीवर झोपली होती. इतके दिवस नवऱ्याशी कामापुरतंच बोललेली दीप्ती म्हणाली, "डोळा तुमच्यामुळं गेला न्हाय, ते कळलं मला. पण तिच्यासमोर खोटं का बोललासा?"

गाडी लागली. प्रसेनजीतनं पिशवी उचलली, पोरीला घ्यायला हात पुढं केले. दीप्तीनं तिला त्याच्याकडं दिलं नाही.