पळणारीला ढकलणारी

मित्रांनो, मी एक जुनी पिकअप गाडी आहे. माझा रंग हिरवा होता, आता तो कुठे कुठे शिल्लक आहे. मागे सामानाचा हौदा, पुढे दोघांना बसायला जागा आणि नाकावर आडवी जाड फळी. फळीवर टायरचं रबर ठोकलेलं आहे. ती कशासाठी, ते पुढे सांगते. आधी एक ऐकून ठेवा. आत्मकथा सांगणारे आपण किती सोसलं ते सांगतात. मी सोसलं कमी आणि जळले जास्त.

मला ऑइलडेल गावच्या वेंडेल टॅकेटनं घेतलं, तेलविहिरींवरचे पाइप वाहायला. त्याची बायको लोरीन. सुरुवातीचे दिवस सुखाचे होते. रविवारी वेंडेल मला धुवायचा आणि धुऊन झालं की बॉनेटवर थाप मारायचा. त्या थापेसाठी मी आठवडाभर चिखल तुडवत असे. मग ती आली.

ती म्हणजे ‘केर्न डचेस’, आमच्या केर्न भागाची सरदारीण म्हणे. वेंडेल आणि त्याचा जिवलग मित्र एलादिओ बारागान यांनी गॅरेजात नळ्या वाकवून, सांधे जोडून तयार केलेली शर्यतीची गाडी. लांबच लांब, काटकुळी. पुढची चाकं सायकलीची वाटावीत अशी, मागची म्हशीसारखी रुंद, मध्ये उघडंवाघडं इंजिन आणि त्याच्या मागे ड्रायव्हर. तिचं काम एकच. सरळ पाव मैल पळायचं, शेजारच्या गाडीच्या आधी. ना वळण, ना ओझं, ना चिखल. पाव मैल पळाली की बाईसाहेब दमल्या! आणि एवढ्यासाठी तिला सोनेरी अक्षरांत नाव. तिला मेणाची पॉलिश. तिला पुसायला मऊ फडकं, तेही लोरीनच्या लग्नात आलेल्या चादरीचं.

“सवत आणून बसवलीस घरात,” लोरीन कमरेवर हात ठेवून म्हणाली.

“अगं, लोखंडाची आहे ती,” वेंडेल म्हणाला.

“म्हणून तर. माणसाची असती तर दोन दिवसांत पळवून लावली असती.”

त्या दिवसापासून लोरीन मला आवडायला लागली.

आणि गंमत अशी की या महाराणींना आपणहून सुरूही होता येत नसे. वजन वाढेल म्हणून सुरू करायचं यंत्रच तिच्यात बसवलेलं नव्हतं. मागून दुसऱ्या गाडीनं ढकलायचं, वेग आला की ड्रायव्हरनं क्लच सोडायचा, मग चाकांबरोबर इंजिन फिरणार आणि पेट घेणार. ती दुसरी गाडी म्हणजे मी. म्हणून माझ्या नाकावर फळी बसली. मला लोरीन चालवायची. पुढून वेंडेलचा हात वर झाला की आम्ही दोघी जोर लावायचो. इंजिन डरकाळी फोडून जागं झालं की आम्ही लगेच बाजूला, धुळीत. ही तिथली रीतच होती. हजारो डोळे पुढे आणि आमच्याकडे बघायला कुत्रंही नाही. शर्यत संपली की मागच्या रस्त्यानं जायचं आणि तिला दोरानं ओढून परत आणायचं. जिंकली तर फोटो. त्या फोटोत माझं नाक आणि फळी तेवढी यायची, बाकीची मी कापलेली असायची.

पुढे टॅकेटांना मुलगी झाली, खर्च वाढले आणि डचेस विकली गेली. इंजिन वेंडेलनं ठेवून घेतलं, बाकीचा सांगाडा ॲरिझोनाच्या एका माणसानं नेला. त्यानं दुसरं इंजिन बसवून पहिल्याच उन्हाळ्यात तो भिंतीवर घातला आणि मग त्याचं भंगार झालं. वेंडेल दोन दिवस जेवला नाही. मला मात्र, खोटं कशाला बोलू, अजिबात वाईट वाटलं नाही. उलट तिचं ते इंजिन जरा माणसाळवून वेंडेलनं माझ्यात बसवलं. सवतीचं काळीज माझ्या पोटात धडधडू लागलं! मी त्या इंजिनावर पाइप ओढले, संत्र्यांच्या पेट्या ओढल्या, मुलीला शाळेत पोचवलं, तिच्या लग्नाचा केक मांडीवर घेतल्यासारखा सांभाळून नेला. प्रत्येक चढावर मला वाटायचं, बघ गं, संसार असा करायचा असतो.

वर्षं गेली. वेंडेलचे केस गेले, एलादिओचे गुडघे गेले. एका शरद ऋतूत ते दोघे जुन्या शर्यतवाल्यांच्या मेळ्याला गेले. तिथे आता शर्यत होत नाही. म्हातारे आपापल्या हरवलेल्या गाड्या पुन्हा बनवून आणतात. संध्याकाळी त्या ढकलून पेटवतात आणि ओळीनं उभ्या करून नुसत्या गर्जू देतात. धुराड्यांतून ज्वाळा निघतात. लोक रडतात, निम्मे आठवणीनं आणि निम्मे त्या जहाल इंधनाच्या वाफेनं. वेंडेल परत आला तो तापल्यासारखा.

“डचेस पुन्हा बनवायची,” त्यानं बास्क लोकांच्या खाणावळीतून आणलेली, लोणच्यात मुरवलेली गाईची जीभ ताटात तशीच ठेवून जाहीर केलं. “हुबेहूब. एक खिळा इकडचा तिकडे नाही.”

“आधी ती जीभ खा,” लोरीन म्हणाली.

कामाला सुरुवात झाली. गॅरेजच्या जमिनीवर खडूनं डचेसचं खऱ्या मापाचं चित्र काढायचं ठरलं. पण मापं कुठून आणायची? जुने फोटो होते, पण फोटोतल्या वस्तूंपैकी आज जशीच्या तशी राहिलेली एकच होती. माझी फळी! दोघे म्हातारे माझ्यापुढे गुडघे टेकून बसले, फळीची लांबी घेतली आणि त्या हिशेबानं फोटोतली एकेक नळी मोजली. मी फुगले. वाटलं, उशिरा का होईना, माझी आठवण झाली.

दुसऱ्या दिवशी वेंडेल म्हणाला, “इंजिन तर हिच्यातच आहे. काढू या.”

साखळी लावून त्यांनी ते माझ्या पोटातून उचललं. मी नाक वर करून रिकामी उभी राहिले. मग जाता जाता एलादिओनं माझी फळी जमिनीपासून किती उंच आहे तेही मोजून घेतलं. डचेसच्या पाठीमागे ढकलायचा दांडा त्याच उंचीवर जोडायचा होता.

ते महिने मला आठवले तरी गंज चढल्यासारखं वाटतं. माझ्या डोळ्यांदेखत ती नळीनळीनं उभी राहिली. तेच फडकं, तीच पॉलिश. तिनं एकही शर्यत बघितली नव्हती. कालची पोर! आणि येणारा प्रत्येकजण डोळे पुसून म्हणे, “तीच! अगदी तीच!” मी कोपऱ्यात प्रत्यक्ष हजर होते. मला कुणी ‘तीच’ म्हटलं नाही. लोक माझ्या हौद्यात कोटच काय, कॉफीचे रिकामे पेलेसुद्धा ठेवत.

रंगारी नावं लिहायला आला. एका बाजूला वेंडेलचं, एका बाजूला एलादिओचं.

“आणि माझं?” लोरीननं विचारलं.

वेंडेल गोंधळला. “अगं, जुन्या गाडीवर तुझं नव्हतं. हुबेहूब करायचं म्हटल्यावर...”

“बरोबर आहे,” लोरीन म्हणाली. “चूकसुद्धा हुबेहूब व्हायला हवी.”

एलादिओ एकदम ब्रश धुवायला गेला. तो टॅकेटांच्या मुलीचा धर्मपिता, म्हणून लोरीनला तो त्याच्या भाषेत मानानं ‘कोमाद्रे’, म्हणजे धर्मलेकीची आई, म्हणे आणि तिला तेवढाच घाबरेही. ढकलायला आपल्या पुतण्याची नवी उंच गाडी सांगायचा त्याचा बेत होता. लोरीननं तो एका वाक्यात मोडला. “तिला ढकलायचं तर मी आणि ही हिरवी. नाहीतर तुम्ही दोघं खाली उतरून ढकला.”

मग भंगारवाल्याकडून एक दमलेलं सहा सिलिंडरचं इंजिन आलं आणि माझ्या पोटात बसलं. खोकायचं, पण चालायचं. मला पुन्हा रस्ता दिसला. त्या एका आशेवर मी सगळा अपमान गिळला. पळणं तिचं असू दे, ढकलणं तरी माझं राहू दे.

चाचणीला आम्ही संत्र्यांच्या बागेमागच्या रस्त्यावर गेलो. वेंडेल तिच्यात बसला. हात वर झाला. लोरीननं मला पुढे घेतलं आणि माझी फळी दांड्याला न लागता त्याच्या खालून आत घुसली. कर्रर्र आवाज झाला. तिच्या चकचकीत ॲल्युमिनियमच्या पाठीला भलाथोरला पोचा पडला.

पोचा बघून मला आनंद झाला. मग वेंडेलचं तोंड बघितलं आणि आनंद पळाला.

“म्हातारी झाली ही,” तो माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. “स्प्रिंगा बसल्यात. आता पुतण्याचीच गाडी सांग, एलादिओ. हिला भंगारात दे.”

भंगारात! एवढी वर्षं ढकललं त्याचं हे फळ.

घरी गेल्यावर लोरीन जुना फोटो घेऊन माझ्यापुढे उभी राहिली, मग डचेसच्या मागे गेली, पुन्हा माझ्याकडे आली. मग तिनं दोघांना हाक मारली.

“हा फोटो बघा. दांडा कुठे आहे? चाकाच्या मध्याच्या खाली. आणि तुमचा कुठे आहे?”

“वर,” एलादिओ बारीक आवाजात म्हणाला.

“माप कधी घेतलंत?”

एलादिओनं टोपी काढली. “इंजिन काढल्यावर, कोमाद्रे.”

“म्हणजे पोट रिकामं, नाक वर! बाळंतिणीचं माप घेऊन गरोदर बाईचा झगा शिवलात, आणि फाटला तर दोष बाईचा?”

वेंडेलनं वाकून दांडा बघितला. “हुबेहूब,” तो पुटपुटला आणि खुर्चीत बसला. एलादिओला हसू आवरेना. गुडघे धरून हसता हसता त्यानं दांडा कापून काढला आणि माझ्या भरल्या पोटाच्या मापानं खाली जोडला. पोचाही ठोकून काढला, पण अगदी सगळा निघाला नाही.

मेळ्याची संध्याकाळ आली. दमट थंडी होती, माणसांची तोबा गर्दी. ध्वनिवर्धकावरून नावं पुकारली गेली: केर्न डचेस, वेंडेल टॅकेट, एलादिओ बारागान. बस्स. लोरीननं डोक्याला रुमाल बांधला आणि माझं दार ओढून घेतलं. “चल गं,” ती म्हणाली.

वेंडेलचा हात वर झाला. फळी दांड्याला नीट टेकली. त्या खोकणाऱ्या इंजिनानं मी होतं नव्हतं तेवढं बळ लावलं. वेग आला, वेंडेलनं क्लच सोडला आणि माझंच जुनं काळीज तिच्या पोटात गर्जून उठलं. त्या आवाजानं माझ्या काचा थरथरल्या. ते माझ्यापेक्षा तिच्यात जास्त शोभत होतं. हे मान्य करताना माझा किती जळफळाट झाला, ते मलाच ठाऊक.

डचेस ओळीत आपल्या जागी उभी राहिली. ज्वाळा निघाल्या. आता आम्ही बाजूला व्हायचं. बाकीच्या ढकलगाड्या मुकाट्यानं मागच्या अंधारात निघून गेल्या. लोरीननं मात्र मला तिच्या पाठीशी फळी टेकवून तिथेच उभं केलं आणि हातब्रेक ओढला.

टोपीवाला एक व्यवस्थापक धावत आला. “बाई, गाडी मागे घ्या! ढकलणाऱ्यांनी बाजूला व्हायचं असतं. पूर्वीपासूनची रीत आहे.”

“ठाऊक आहे,” लोरीन काच खाली करून म्हणाली. “पूर्वी मीच होते.”

तो तावातावानं वेंडेलकडे गेला. पट्ट्यांनी आवळलेल्या वेंडेलला मान वळवता येत नव्हती. व्यवस्थापक त्याच्या कानाशी ओरडला, वेंडेलही काहीतरी ओरडला. गर्जनेत काही ऐकू आलं नाही. व्यवस्थापकानं खांदे उडवले आणि निघून गेला. मग वेंडेलनं एक हात डोक्यावरून मागे नेला आणि पंजा उघडून ‘राहा तिथेच’ म्हणावं तसा धरला. लोरीननं तो बघितला. ती रडत होती, आणि इंधनाची वाफ अजून आमच्यापर्यंत आली नव्हती.

शेवटपर्यंत आम्ही तिथेच उभ्या राहिलो. तिची सगळी धडधड फळीतून माझ्या नाकात येत होती. माझा मत्सर गेला का? नाही. आजही तिला फडकं मारताना बघितलं की माझ्या अंगाची लाही होते. पण त्या रात्रीचे जे फोटो निघाले, त्यांत मी सगळीच्या सगळी आहे.

मित्रांनो, पुढे पळणारीला पुसायला शंभर हात येतात. तुमच्यापाशी एखादं फडकं असेल तर ते घेऊन कधी मागे या आणि जी ढकलत होती तिच्या नाकावरची धूळ झटका. तेवढी सवड नसेल तरी चालेल. फक्त तिला बाजूला व्हायला सांगू नका.