सुकड्याच्या भुवया

आमच्या बंदरावर कौतुक करावं अशा गोष्टी थोड्याच. मासळी कमी झालीय, पिवळ्या होड्यांचे रंग उडालेत आणि धक्क्यावर माणसांपेक्षा जास्त जागा समुद्रसिंहांनी अडवलीय. पण कार्मेलो आणि इलारियो यांची जोडी होती. ते दोघं पत्त्यांचा त्रुको खेळायला बसले की अख्खा क्लब आपापले ग्लास उचलून त्यांच्या टेबलाभोवती यायचा. कार्मेलो आडव्या अंगाचा आणि मोठ्या आवाजाचा. इलारियो इतका काटकुळा की त्याच्या बायकोसकट सगळं बंदर त्याला सुकड्याच म्हणे.

त्रुकोत दोघांविरुद्ध दोघं असतात, आणि जोडीदार समोरासमोर बसतात. हातात काय आलंय ते जोडीदाराला चेहऱ्यानं सांगायचं. खालचा ओठ चावला की तिर्री. भुवया उंचावल्या की तलवारीचा एक्का, म्हणजे ज्याच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. जिभेनं हवं तेवढं खोटं बोला, शिव्या द्या, टेबलावर मुठी आपटा, सगळं चालतं. खूण मात्र खोटी करायची नाही, आणि जोडीदाराला तर नाहीच नाही. बायकोशी खोटं बोलणारे आमच्यात पुष्कळ सापडतील, जोडीदाराला खोटी खूण करणारा मी अजून पाहिला नाही.

ती जोडी आता मोडली. कशी मोडली ते कार्मेलोनंच मला सांगितलं, जाळं विणताना, मान वर न करता. इलारियो एक अक्षर बोलला नाही आणि बोलणारही नाही.

ऑगस्टमधली गोष्ट. आग्नेयेचा वारा सुटला होता आणि बंदर बंद होतं. कार्मेलोला तसंही बंद असून-नसून सारखंच, कारण त्याच्या 'सांता लुसिया'चं इंजिन केव्हाच मेलं होतं. मेकॅनिकनं त्याच्यासाठी एक जुनं पण दमदार इंजिन राखून ठेवलं होतं, शनिवारपर्यंत. त्यानंतर ते नेकोचेआच्या एका माणसाला जाणार होतं. पैसे बरेचसे जमले होते, थोडे कमी पडत होते. नेलिदानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, जमलेले त्याच्या हातात दिले आणि म्हणाली, "जा, एवढे देऊन ये, उरलेल्यांसाठी त्याच्या पाया पड."

मेकॅनिकची शेड बंदरातच. तिकडे जाताना कसिनो वाटेत लागत नाही. बस पकडून मुद्दाम जावं लागतं. कार्मेलोनं बस पकडली. पाया पडण्यापेक्षा हे बरं, असं त्याला वाटलं. आमच्याकडे पाया पडायची वेळ आली की पुरुषांना असंच काहीतरी सुचतं.

दुपारी तो पोकरच्या टेबलावर बसला. सुरुवातीला जिंकला, मग हरला, मग थोडं थोडं हरतच राहिला. तिथं खिडकी नाही. बाहेर वारा छपरं उडवत होता, आत गालिच्यावर पावलांचासुद्धा आवाज येत नव्हता. उठावं असं त्याला पुन्हा पुन्हा वाटलं. पण उठलो तर हरलेला उठेन, आणि बसलो तर अजून काही ठरलेलं नाही, हा हिशोब त्याला खुर्चीत दाबून बसवत होता. पाय बधिर झाले होते, असं तो म्हणाला.

त्याच्या उजव्या हाताला इरियार्ते नावाचा माणूस होता. बुएनोस आयरेसचा, मोटारींचा दलाल, अंगाला अत्तराचा भपकारा. कार्मेलोच्या जाकिटाला डिझेलचा आणि मासळीचा वास होता, आणि इरियार्तेला बसल्या बसल्या टिंगलीचा तेवढाच उद्योग मिळाला होता.

"काय मासेवाले, आज भरती की ओहोटी?"

"तुम्ही पत्ते बघा साहेब."

"बघतोय की. वास मात्र तुमचाच येतोय."

टेबलावरचे हसले. पत्ते वाटणारी मुलगीही हसली आणि लगेच गंभीर झाली.

तेवढ्यात दारातून इलारियो आला, भिजलेला, टोपी हातात. मेकॅनिककडे कार्मेलो पोचलाच नाही हे कळल्यावर नेलिदानं त्याला शोधायला पाठवलं होतं. तो कार्मेलोच्या पाठीमागे येऊन उभा राहिला, तर लगेच एक गणवेशातला माणूस धावत आला. खेळणाऱ्याच्या मागे उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, बसायचं असेल तर बसा. टेबलावर एकच खुर्ची रिकामी होती, नेमकी कार्मेलोच्या समोरची. इलारियोनं खिसे उलटेपालटे केले, होतं नव्हतं ते देऊन रंगीत चकत्या घेतल्या आणि बसला.

"घरी चल," तो म्हणाला. "नेलिदानं चुपिनचा रस्सा चढवलाय. माशाचं डोकं पण घातलंय, तुला आवडतं म्हणून."

"हा एक डाव."

"एक डाव म्हणजे एक डाव, जाड्या."

एक डाव कुणी खेळलाय का कधी? कार्मेलो उठेना, म्हणून इलारियोही उठेना. आणि आता गंमत बघा. ज्याला खेळायचंच नव्हतं तो जिंकू लागला. आयुष्यभर माणसांचे चेहरे वाचले होते त्यानं. तासाभरात त्याच्यापुढे कार्मेलोएवढाच ढीग झाला. कार्मेलोनं तो ढीग पाहिला. त्याला बरं वाटायला हवं होतं. "नाही वाटलं," तो मला म्हणाला, आणि सुई बोटात टोचून घेतली.

मग तो डाव आला.

या खेळात प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात आणि पाच पत्ते मधे सगळ्यांसाठी एकेक करून उघडतात. कार्मेलोनं आपल्या पत्त्यांचे कोपरे उचलले. दोन राजे. मधे पहिले तीन पत्ते उघडले: राजा, अठ्ठी, अठ्ठी. म्हणजे त्याच्याकडे तीन राजे आणि दोन अठ्ठ्या झाल्या. असा हात वर्षात एकदा येतो आणि बहुतेकांना तोही येत नाही.

इरियार्तेनं पैसे लावले. कार्मेलोनं लावले. इलारियोनंही लावले, मुकाट्यानं. चौथा पत्ता तिर्री निघाली, कुणाच्याच कामाची नाही. आता कार्मेलोनं मोठी रक्कम पुढे सरकवली, आपल्या ढिगातला निम्मा. हे पळून जातील अशी त्याला भीती होती. कुणी पळालं नाही. पाचवा पत्ता एक्का आला, आणि इरियार्तेनं दोन्ही हातांनी आपला सगळा ढीग मधे लोटला.

"या मासेवाले. पोहता येतं ना?"

आता कार्मेलोची पाळी. पत्ते टाकून दिले तर अर्धं इंजिन हातात राहणार होतं. अर्ध्या इंजिनावर होडी चालत नाही, पण नेलिदापुढे उभं राहता येतं. जिंकला तर इंजिन, नवी जाळी, दारापुढे नेलिदा कधीपासून मागत होती तो ओटा, सगळंच. आणि हातात तीन राजे! तीन राजे टाकून कोण उठतो? त्याला वाटलं, हे पत्ते वाईट असते तर किती बरं झालं असतं. वाईट पत्त्यांतून माणूस सुटतो.

त्यानं सवयीनं समोर पाहिलं. डाव अडला की तो नेहमीच समोर पाहायचा.

इलारियो त्याच्याकडेच बघत होता. आणि त्याच्या दोन्ही भुवया वर गेल्या, क्षणभर थांबल्या आणि खाली आल्या.

ही खूण कार्मेलोनं किती वेळा पाहिली असेल याची गणती नाही. क्लबात, धक्क्यावर, होडीच्या टपावर, एकदा तर इलारियोच्या सासऱ्याच्या मयतीला रात्र काढताना. अर्थ एकच. माझ्यापुढे कुणाचं काही चालत नाही, तू बाजूला हो.

क्लबात असता तर कार्मेलोनं विचारसुद्धा केला नसता. पत्ते टाकले असते आणि एखादं गाणं म्हटलं असतं.

पण इथं तो विचार करायला लागला. काय असेल याच्याकडे? दोन अठ्ठ्या? मधल्या दोन आणि याच्या दोन? छे, असं होतं का कुठं. मग ही खूण कशाला? याला नेलिदानं पाठवलंय. मला उठवायला आलाय हा. माझं भलं करायचं म्हणून खोटी खूण करतोय, म्हणजे मी अर्धे पैसे घेऊन गपगुमान चुपिन खायला जाईन. इथवर ठीक होतं. इथवर विचार करणारा माणूस मूर्ख असेल, वाईट नव्हे. मग त्याची नजर इलारियोपुढच्या ढिगावर गेली. आणि आणखी एक विचार आला, जो त्यानं मला फार उशिरा, जाळं विणून संपत आल्यावर सांगितला. हे क्लबचं टेबल नाही, इथं प्रत्येक जण एकटा आहे. सुकड्यासुद्धा.

"साहेब, वेळ होतोय," पत्ते वाटणारी म्हणाली.

त्यानं सगळं मधे लोटलं.

आपल्या पत्त्यांकडे इलारियोनं पाहिलंच नाही, कार्मेलोकडे पाहत राहिला. मग त्यानंही सगळं लोटलं, पण हळूच, चकत्यांचा आवाजही न होऊ देता.

कार्मेलोनं पत्ते उघडले. "तीन राजे, दोन अठ्ठ्या."

इरियार्ते खुर्चीतून उठलाच. "तीन एक्के, मासेवाले! तीन एक्के, दोन अठ्ठ्या! बुडाला की हो!" त्याच्या हातात दोन एक्के होते आणि तिसरा मधे पडलेला. त्याचे हात ढिगाकडे गेलेसुद्धा.

"थांबा," पत्ते वाटणारी म्हणाली.

इलारियोनं आपले दोन पत्ते उलटे केले. अठ्ठी आणि अठ्ठी. मधल्या दोन धरून चार.

त्रुकोच्या गड्डीत अठ्ठ्या नसतातच. गड्डीत आल्याच तर आम्ही काढून पोरांना खेळायला देतो.

मग आरडाओरडा झाला. इरियार्तेचा चेहरा वांग्यासारखा झाला होता. "हे दोघं मिळालेले आहेत! एकाच बंदरातले आहेत, एकमेकांना ओळखतात! मी यांना बघत होतो! बोलवा कुणाला तरी!"

काळ्या कोटातला एक अधिकारी आला. त्यानं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि पत्ते वाटणाऱ्या मुलीकडे पाहिलं. ती म्हणाली, "सर, मिळालेले असते तर यांनी सगळं लावलं असतं का? दुसऱ्याकडे चार अठ्ठ्या असताना?"

अधिकाऱ्यानं मान डोलावली. तरी नियम म्हणून त्यानं इलारियोला विचारलं, "तुम्ही दोघं जोडीनं खेळत होतात?"

इलारियोनं कार्मेलोकडे पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "आमची जोडी नाही."

"आणि तुम्ही?"

कार्मेलो काय बोलणार? खरं सांगितलं तर पैसे जप्त होणार, आणि खोटं बोलायला जावं तर तेच खरं झालेलं. भिंत पाठीला, भिंत पोटाला. "नाही," तो म्हणाला.

"मग प्रश्नच मिटला," अधिकारी म्हणाला.

बाहेर वाऱ्यानं उभं राहवत नव्हतं. समुद्र रस्त्यावर येऊन आपटत होता. दगडी कठड्याच्या आडोशाला इलारियो थांबला, नोटांचं पुडकं काढलं आणि त्यातले कार्मेलोचे होते तेवढे, वर इंजिनाला कमी पडत होते तेवढे, असे त्याच्या जाकिटात कोंबले आणि चेन गळ्यापर्यंत ओढली. आईनं पोराची ओढावी तशी.

"शनिवारच्या आत दे त्याला."

"सुकड्या, हे मी नाही घेणार."

"मी पत्ते टाकले असते तर ते त्या अत्तरवाल्यानं नेले असते. म्हणून घेतले. ठेव गप."

कार्मेलोला रडू फुटलं. एवढा आडवा माणूस, वाऱ्यात तोंड उघडं टाकून रडला. "तू रागावलायस."

"पैशासाठी कोण रागावतो?"

"मग बोल काहीतरी. शिव्या दे."

इलारियोनं टोपी घट्ट केली. "तुला दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"नीट दिसलं होतं?"

"हो."

"बरं," इलारियो म्हणाला. "चल, चुपिन गार होईल."

इंजिन आलं. उत्तम चालतं, धक्क्यावरून आवाज ओळखू येतो. नेलिदाला त्या दुपारचं काही माहीत नाही. निदान ती तसं दाखवते.

वारा पडला त्या रविवारी आम्ही सगळे क्लबात होतो. इलारियो येणार नाही अशी कार्मेलोची खात्री झाली होती. पण तो आला. सगळ्यांना रामराम केला, माते नावाचा कडू चहा घेतला, पोरांची चेष्टा केली आणि नेहमीच्या खुर्चीवर कार्मेलोच्या समोर बसला. कार्मेलोचा चेहरा असा उजळला की मला मागून त्याचे कानसुद्धा हसताना दिसले. आम्ही ग्लास घेऊन गोळा झालो. पत्ते वाटले गेले. कार्मेलोनं आपले तीन पाहिले, छातीशी धरले आणि वर पाहिलं.

इलारियोनं टोपी काढली नव्हती. ती त्यानं पुढे ओढली होती, पार डोळ्यांपर्यंत, आणि तिच्याखालून तो आपले पत्ते बघत होता. कार्मेलो थांबला. आम्हीही थांबलो.

"खेळ ना," इलारियो म्हणाला. "तुझी पाळी आहे."